मान आणि खांदा दुखतो आहे: गोव्याच्या हवेत उशी नेमकी कोणती घ्यावी?

म्हादईकाठ (धागाकर्ता), २१ जून

माझे वय ४६. मी फोंड्याला राहतो आणि पणजीतील एका कचेरीत हिशेबाचे काम करतो, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर आणि दोनेक तास कदंब बसमध्ये जातात. गेल्या चतुर्थीनंतर उजव्या बाजूची मान धरू लागली. उसण भरली असेल, आपोआप जाईल, असे म्हणून तीन महिने ते दुखणे अंगावर काढले. सकाळी उठताना ते सर्वांत जास्त असते, आंघोळीनंतर थोडे सैलावते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास पुन्हा खांद्याच्या पात्यापर्यंत उतरते. शेवटी क्ष-किरण काढला. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील अंतर किंचित कमी झाले आहे आणि या वयात ते अनेकांचे होते, असे डॉक्टरांनी सांगितले, मानेचे तीन व्यायाम शिकवले आणि निघताना 'उशी बदला' एवढे एक वाक्य ऐकवले. कोणती उशी, किती उंच, हे विचारेपर्यंत पुढचा रुग्ण आत येऊन बसला होता.

त्यानंतर मी जे केले ते कोणीही केले असते. पणजीतील एका मोठ्या दुकानात जाऊन २,४०० रुपयांची, दोन्ही कडांना कमी-जास्त उंचवटे असलेली मेमरी फोमची 'सर्व्हायकल', म्हणजे मानेसाठीची, उशी आणली. दुकानात हाताने दाबून पाहिली तेव्हा ती छान घट्ट लागत होती. घरी आणली तो मे महिना होता. पहिल्याच रात्री तासाभरात ती भिजवलेल्या कणकेसारखी झाली, डोके खड्ड्यात गेल्यासारखे खाली बसले, कान तापले, आणि पहाटे मी ती बाजूला सारून दंडावरच डोके ठेवून झोपलो. आता पाऊस सुरू झाल्यापासून तिला कुबट वास येऊ लागला आहे. दुकानदार म्हणतो, उशी वापरलेली असल्यामुळे परत घेता येणार नाही.

जाणकारांना माझी विनंती अशी की, कोणत्या कंपनीची घ्यावी हे सांगण्याऐवजी उशी निवडायची कशी ते सांगावे. आणखी एक उशी चुकीची आणली तर घरात मलाच उशाला धोंडा घेऊन झोपावे लागेल.

कुळागर, २१ जून

आमच्या सत्तरी तालुक्यात लहानपणी उशी विकत आणण्याची गोष्टच नव्हती. शिमग्याच्या सुमारास सांवर, म्हणजे काटेसावर, लालभडक फुलायची, उन्हाळा चढला की तिची बोंडे तडकायची, आणि अंगणात ओले फडके पसरून त्यावर आजी तो कापूस सोडवायची. ओले फडके एवढ्यासाठी की हा कापूस इतका हलका असतो की वाऱ्याच्या एका झुळकीने घरभर होतो. त्याचे सूत काततात असे मी कधी पाहिले नाही, पण उशीसाठी त्याच्यासारखा कापूस नाही. त्याचे तंतू आतून पोकळ असतात आणि वरून मेणचट, त्यामुळे साध्या कापसाइतके ते पाणी धरत नाहीत. म्हादईकाठबाब, मी ७१ वर्षांचा आहे आणि आजही सांवरीच्या उशीवर झोपतो. मान दुखते, नाही असे नाही. पण ती उशीमुळे दुखत नाही, वयामुळे दुखते.

एक दोष मात्र प्रामाणिकपणे सांगतो. हा कापूस वर्ष-दीड वर्षात बसतो आणि त्याचे गोळे होतात. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या धनुकलीचा ट्यांव ट्यांव आवाज ऐकला की बायका घरातल्या सगळ्या उश्या बाहेर काढायच्या. आता तो आवाज ऐकून किती वर्षे झाली ते आठवावे लागेल.

सुरंगी, २२ जून

मी भौतिकोपचाराचे काम गेली एकोणीस वर्षे करते आहे आणि 'उशी बदला' हे वाक्य मीही घाईच्या दिवशी रुग्णांना ऐकवलेले आहे, त्यामुळे आधी तेवढी कबुली देते. आता सविस्तर लिहिते.

उशीचे काम मऊ लागणे हे नव्हे. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचे डोके तोललेले असते. आपण आडवे होतो तेव्हा डोके आणि गादी यांच्यामध्ये एक पोकळी राहते. ती नेमकी भरून काढून मान पाठीच्या कण्याच्या सरळ रेषेत ठेवणे एवढेच उशीचे काम आहे. कुशीवर झोपल्यावर ही पोकळी मोठी असते, कारण खालचा खांदा मध्ये येतो; बहुतेक प्रौढांमध्ये ती १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान असते. उताणे झोपल्यावर ती बरीच कमी होते. पोकळीपेक्षा उशी उंच असेल तर मान वरच्या खांद्याकडे वाकते, कमी असेल तर खालच्या खांद्याकडे लोंबते, आणि दोन्ही प्रकारांत एका बाजूचे स्नायू रात्रभर ताणलेले व दुसऱ्या बाजूचे आखडलेले राहतात. सकाळी जी मान धरते ती त्यामुळे. म्हणून आधी उंची ठरवावी, मग कापूस की फोम की लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) याचा विचार करावा, आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

इथे दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, वेष्टनावर लिहिलेली उंची ही रिकाम्या उशीची असते. पंधरा सेंटीमीटरची फुगीर फायबरची उशी डोक्याखाली दबून सहा-सात सेंटीमीटर उरते, आणि दहा सेंटीमीटरची घट्ट लॅटेक्सची उशी नऊच्या आसपास राहते. डोके ठेवल्यानंतर जी उरते तीच खरी उंची. दुसरी गोष्ट गादीची. काथ्याच्या कडक गादीवर खांदा आत जात नाही, त्यामुळे पोकळी पूर्ण राहते आणि उशी उंच लागते. तोच माणूस मऊ फोमच्या गादीवर झोपला की खांदा दोन-तीन सेंटीमीटर रुततो आणि तीच उशी त्याला उंच होते. मुलाकडे बंगळुरूला जाऊन आल्यावर मान दुखायला लागली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आजी मला दरवर्षी भेटतात. आजींचे काही बिघडलेले नसते. तिकडची गादी वेगळी असते.

मोजमाप घरीच करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. उशी बाजूला ठेवावी. आपल्या नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या कुशीवर आडवे व्हावे आणि जुने टॉवेल किंवा चादरी घट्ट घड्या करून एकेक डोक्याखाली सरकवत जावे. घरातल्या कोणाला तरी पाठीमागून आणि पुढूनही मोबाईलवर फोटो काढायला सांगावे. पुढून पाहताना नाक, हनुवटी आणि छातीच्या हाडाचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत. पाठीमागून मानेची रेषा पाठीच्या रेषेला तिरकी न होता मिळाली पाहिजे. ज्या घडीला हे जुळेल त्या घडीला, डोके तसेच ठेवून, गादीपासून गालापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून घ्यावे. मग उताणे होऊन तसेच करावे. तेव्हा चेहरा छताला समांतर हवा, हनुवटी छातीकडे झुकलेली नको आणि वर उचललेलीही नको. हे दोन आकडे कागदावर लिहून मगच दुकानात जावे.

तुमच्या मेमरी फोमबद्दल. हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, विमानातील आसनांवर वापरण्याच्या विचाराने, चार्ल्स योस्ट यांनी तयार केला, आणि त्याचा स्वभावच असा आहे की उष्णता मिळाली की तो मऊ होतो आणि थंडीत कडक. वातानुकूलित दुकानात तुमच्या हाताला लागलेला घट्टपणा हा त्या खोलीचा होता. तुमच्या खोलीत मे महिन्याच्या रात्री पंख्याखाली, शिवाय डोक्याची ऊब मिळाल्यावर, तो कणकेसारखा झाला यात त्या उशीचा दोष थोडा आणि आपल्या हवेचा जास्त आहे. जे वर्षभर वातानुकूलित खोलीत झोपतात त्यांना तीच उशी आवडते. उंचवट्यांच्या आकाराबद्दलही सांगते: ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये कुशीवर झोपणाऱ्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात लॅटेक्सच्या उशीने सकाळच्या मानदुखीत सर्वांत चांगली साथ दिली, पिसांची उशी सर्वांत मागे पडली, आणि फोमच्या नेहमीच्या आकारापेक्षा उंचवट्यांच्या आकाराचा काही वेगळा फायदा दिसला नाही. 'सर्व्हायकल' या शब्दासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते या दृष्टीने पाहावेत.

तिखट_हुमण, २२ जून

सगळे ठीक आहे, पण उशी हवीच कशाला? मी गेली चार वर्षे चटईवर उशीशिवाय झोपतो आणि माझी मान उत्तम आहे. उशी हीच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार चालला आहे.

सुरंगी, २३ जून

तिखट_हुमण, तुम्ही उताणे झोपत असाल, पाठ सपाट असेल आणि मान तक्रार करत नसेल, तर तुम्ही खुशाल तसेच झोपावे. परंतु हा सल्ला सर्वांना देऊ नये अशी विनंती आहे. भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकवून, जबरदस्तीने मान मागे न नेता, नेहमीसारखे उभे राहावे आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीपासून किती दूर राहतो ते पाहावे. तुमचे डोके कदाचित भिंतीला टेकेल. संगणकावर वीस वर्षे काढलेल्या माणसाचे चार-पाच सेंटीमीटर दूर राहते, आणि पाठीत पोक आलेल्या सत्तरीच्या बाईंचे त्याच्याही दुप्पट. या बाईंना उशीशिवाय झोपवले तर डोके मागे लोंबते, हनुवटी छताकडे जाते, मानेचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि काहींना चक्कर येते. त्यांची उंच उशी ही चूक नसते, गरज असते. आणि उशीशिवाय कुशीवर झोपणे तर कोणालाच मानवत नाही, कारण खांदा काढून बाजूला ठेवता येत नाही.

अबोली_माशेल, २४ जून

मला मानेपेक्षा खांद्याबद्दल लिहायचे आहे, कारण धाग्याच्या शीर्षकात खांदाही आहे आणि माझ्या बाबतीत उशीच्या मागे लागून सहा महिने वाया गेले.

माझा डावा खांदा दुखू लागला तेव्हा मीही मानेचीच तक्रार समजले. तीन उश्या बदलल्या. दुखणे रात्री वाढायचे, त्या कुशीवर वळले की झोपमोड व्हायची, म्हणून उशीवरचा संशय पक्का होत गेला. मग एकदा जत्रेला निघताना केसांत अबोलीचा वळेसर माळायला हात डोक्यामागे नेला तर तो कानापाशीच अडला. दुसऱ्या हाताने उचलूनही तो पुढे गेला नाही. तेव्हा कळले की हा मानेचा प्रकार नाही. डॉक्टरांनी सांगितले की खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण आखडले आहे, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, आणि लगेच विचारले, 'साखर शेवटची कधी तपासली?' तपासली तर ती २३८ निघाली. मला मधुमेह आहे हे मला खांद्यामुळे कळले.

हे इथे मुद्दाम लिहिते, कारण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त आपल्या गोव्यातच आढळले: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, जेव्हा देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या कोणाचा खांदा रात्री ठणकत असेल आणि हात मागे किंवा वर जात नसेल, तर उशीच्या दुकानाआधी रक्त तपासायला जावे.

उशीचा उपयोग मला झाला, पण वेगळ्या ठिकाणी. दुखरा खांदा वर ठेवून चांगल्या कुशीवर झोपायचे आणि छातीशी एक जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवायचा, म्हणजे तो पुढे लोंबून खांदा ओढला जात नाही. उताणे झोपताना कोपरापासून दंडापर्यंत एक घडी केलेला टॉवेल, म्हणजे हात पाठीमागे पडत नाही. मला यामुळे पहिल्यांदा सलग चार तास झोप लागली. खांदा पूर्ण मोकळा व्हायला मात्र सव्वा वर्ष गेले आणि ते काम उशीचे नव्हते. औषधांचे, व्यायामाचे आणि साखर ताब्यात आणण्याचे होते.

सुरंगी, २४ जून

अबोलीताईंनी लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. त्यांच्या लिखाणाला जोडून एवढेच सांगते की हातात मुंग्या येऊन बोटे बधिर होणे, हातातून कप निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजनात घट, यांपैकी काहीही असेल तर उशीचा विचारच करू नये, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावे. आणि डाव्या खांद्यातले दुखणे छातीतील दडपणाबरोबर, घामाबरोबर आले तर १०८ ला फोन करावा. ते मानेचे आहे की हृदयाचे हे घरी बसून ठरवू नये.

गादीवाल्याची_लेक, २६ जून

म्हापशाला आमच्या घरात तीन पिढ्या गाद्या-उश्या करण्याचे काम होते. आता दुकान बंद आहे, पण हातांना सवय आहे, म्हणून आतल्या मालाबद्दल लिहिते.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या काळात उशी ही ओल शोषणारी वस्तू आहे हे विसरता कामा नये. रात्रभर घाम आणि श्वासाची वाफ आत जाते आणि दिवसभर ती बाहेर पडायला कोरडी हवा मिळत नाही. याच दमट हवेवर धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, कारण ते पाणी पीत नाहीत, हवेतूनच ओल घेतात. सकाळी उठल्यावर सटासट शिंका येत असतील आणि नाक चोंदत असेल तर तेही उशीचेच काम असू शकते, आणि नाक चोंदलेला माणूस तोंडाने श्वास घेण्यासाठी मान कशीही वाकडी करून झोपतो.

साधा कापूस ओल धरतो, जड होतो आणि बसतो, पण त्याला ऊन दाखवता येते, पिंजून पुन्हा भरता येतो, कमी-जास्त करता येतो. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे: सुरंगीताई म्हणतात ती उंची सेंटीमीटरच्या हिशेबाने जुळवणे फक्त भरलेल्या उशीत शक्य आहे. फोमच्या ठोकळ्याला तुम्ही काय करणार? फायबरची उशी स्वस्त, धुता येते, लवकर वाळते, पण वर्षभरात तिची पोळी होते. तिची घडी घालून सोडावी; ती उसळून उलगडली नाही तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक फेसून, भाजून केलेला फोम. तो दाबला की लगेच उसळतो, उन्हाळ्यात मऊ पडत नाही, त्याला आरपार भोके असल्यामुळे हवा खेळते. किंमत जास्त आणि वजनही जास्त. माझ्या मते गोव्याच्या हवेला, खर्च परवडत असेल तर, लॅटेक्स. नाही तर खोळीला चेन असलेली कापसाची उशी.

आता एक चूक जी घरोघरी होते. गणपतीआधी साफसफाई करताना एखादे दिवशी ऊन पडले की सगळ्या उश्या कौलांवर किंवा गच्चीवर टाकल्या जातात. कापसाला ते चांगले; लॅटेक्सला आणि मेमरी फोमला नाही. कडक उन्हाने लॅटेक्स पिवळे पडून कुरकुरीत होते आणि भुगा सुटतो. त्यांना सावलीत, पंख्याखाली, उभे करून वाळवावे. म्हादईकाठबाब, तुमच्या उशीचा वास बहुधा अशा प्रकारे जाईल: वरची खोळ धुवावी, आतला फोम पाण्यात अजिबात बुडवू नये, दोन दिवस पंख्याखाली उभा ठेवावा. काळे ठिपके दिसले तर मात्र ती टाकून द्यावी, बुरशी आत गेलेली असते.

पावसाळी_बेडूक, २६ जून

मी पालथा झोपतो. मला कोणती?

सुरंगी, २६ जून

पालथे झोपल्यावर श्वासासाठी मान पूर्ण एका बाजूला वळवावीच लागते आणि ती तासन्‌तास तशीच राहते; कोणत्याही उशीने ते सुधारत नाही, उंच उशीने बिघडते. सवय सुटेपर्यंत डोक्याखाली अगदी पातळ उशी किंवा काहीच नको. एक लांब लोड कुशीत घेऊन झोपावे, म्हणजे पोटाला काहीतरी टेकल्याचे समाधान मिळते आणि अंग अर्धेच वळते. महिना लागतो, पण जमते.

म्हादईकाठ, १२ जुलै

उशिरा लिहितो आहे, कारण काही दिवस वापरून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मोजमापाचा कार्यक्रम आमच्याकडे रविवारी दुपारी झाला. मी काथ्याच्या गादीवर उजव्या कुशीवर, बायको फोटो काढते आहे आणि मुलगा शाळेची पट्टी घेऊन उशाशी उभा. पहिला फोटो माझ्या नेहमीच्या जुन्या उशीवरचा काढला आणि तो पाहून मी थक्क झालो: माझे डोके गादीकडे इतके झुकले होते की नाकाची रेषा खांद्याच्या टोकाकडे जात होती. गेली आठ-दहा वर्षे मी रोज असा झोपतो आहे. मग टॉवेल सुरू केले. चौथ्या टॉवेलला बरे वाटले, पण फोटोत मान अजून तिरकी होती. सहाव्याला सरळ झाली आणि सातव्याला दुसऱ्या बाजूला गेली. पट्टीने गादीपासून गालापर्यंत ११ सेंटीमीटर भरले. उताणा झाल्यावर दोनच टॉवेल आणि मानेच्या पोकळीत एक छोटी गुंडाळी पुरली, ते अंतर ६ सेंटीमीटर. भिंतीला उभा राहिलो तेव्हा डोके भिंतीपासून चार बोटे दूर होते. मुलाचे टेकले. तो अजून ते सगळ्यांना सांगत हिंडतो आहे.

आता अडचण अशी झाली की मला दोन उंच्या हव्यात, कारण मी उताणा झोपी जातो आणि रात्री कधीतरी कुशीवर वळतो. त्यासाठी सुरंगीताईंना निरोप पाठवून विचारले. त्यांनी सुचवले की उशी मध्ये पातळ आणि दोन्ही टोकांना भरीव हवी, म्हणजे वळताना डोके आपोआप उंच भागावर जाते. गादीवाल्याची_लेक यांच्या सांगण्यावरून फोंड्यात गादी भरून देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना शोधून काढले. त्यांनी आमच्या घरातल्याच दोन जुन्या उश्यांचा कापूस सोडवला, पिंजला, त्यातून एक लांब उशी भरली आणि मधल्या भागात दोन आडव्या शिवणी मारून तो भाग दाबून टाकला. मजुरी ३५० रुपये. पहिल्या वेळी टोके जास्त भरली गेली, मी त्यांच्याच बाकावर आडवा होऊन पाहिले, पट्टी तेरा दाखवत होती. त्यांनी काही न बोलता शिवण उसवली, दोन मुठी कापूस काढला, पुन्हा टाके घातले. 'दोन महिन्यांनी बसणार, तेव्हा परत या, हा काढलेला कापूस पिशवीत ठेवून देतो,' असे म्हणाले.

परिणाम जसा आहे तसा सांगतो. पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या, मान अवघडल्यासारखी झाली आणि मी जवळपास जुन्या सवयीवर परत जाणार होतो. सहाव्या-सातव्या दिवसापासून सकाळचे दुखणे उतरू लागले. आज दोन आठवडे होत आले, सकाळी मान वळवून गाडी मागे घेता येते, जे मला चतुर्थीपासून जमत नव्हते. दुपारचे दुखणे मात्र जागच्या जागी आहे.

सुरंगी, १२ जुलै

दुपारचे दुखणे उशीच्या हाती नाही. एक प्रश्न विचारते: बसमध्ये तुम्ही काय करता?

म्हादईकाठ, १२ जुलै

जाताना मोबाईल पाहतो. येताना झोपतो.

सुरंगी, १२ जुलै

मग सापडले. मोबाईल मांडीवर ठेवून मान वाकवली की तेच पाच किलोचे डोके मानेच्या स्नायूंना कित्येक पटींनी जड होते, आणि बसमध्ये बसून लागलेल्या झोपेत ते पुढे लोंबते, प्रत्येक गतिरोधकाला हिसका बसतो आणि तुम्ही जागे होऊन ते पुन्हा वर घेता. फोंडा ते पणजी असे किती हिसके बसतात ते एकदा मोजा. येताना झोपायचेच असेल तर खिडकीकडची जागा धरा, डोके मागे टेकवा आणि मानेला नालाच्या आकाराची प्रवासी उशी लावा; तिचा जाड भाग मागे ठेवण्यापेक्षा हनुवटीखाली घेतला तर डोके पुढे लोंबत नाही. जाताना मोबाईल डोळ्यांसमोर उचलून धरा, हात दुखला की आपोआप खिशात जाईल. आणि कचेरीत संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत येईल असे काहीतरी त्याच्याखाली ठेवा. जुन्या हिशेबाच्या वह्या चालतील.

कुळागर, १३ जुलै

आमच्या वेळी बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नसे, त्यामुळे माना शाबूत राहिल्या असाव्यात. म्हादईकाठबाब, त्या कापसाच्या उशीला पाऊस उघडला की दोन दिवस ऊन दाखवा आणि त्या गादीवाल्या गृहस्थांकडे सांवरीचा कापूस मिळतो का ते माझ्यासाठी विचारून ठेवा.

म्हादईकाठ, १३ जुलै

विचारले. सांवरीचा कापूस त्यांच्याकडे आणणारे आता दोनच जण उरले आहेत, दोघेही सांगेकडचे, आणि तो मे महिन्यातच येतो. तुमचे नाव त्यांनी वहीत लिहून घेतले आहे. कचेरीतला पडदा आजपासून २०१४ ते २०१७ च्या चार खातेवह्यांवर ठेवला आहे. २,४०० रुपयांच्या उशीचा वास पंख्याखाली गेला, काळे ठिपके नव्हते, आणि ती सध्या आईकडे आहे. तांदूळ निवडायला बसताना ती पाठीशी घेते आणि आल्यागेल्याला तिची किंमत सांगते.